मातामायला दाखवलेली बेरिंग

माझा नवरा पाणबुडीवर आहे, हे मोहर्लीत सांगून काही उपयोग नाही. इरई धरणाचं पाणी आमच्या गावाला लागून. त्या पाण्यावर पाणबुडी म्हणजे डुबकी मारून भलतीकडेच वर येणारं एक लहानसं पाखरू, आणि पाणबुड्या म्हणजे कोणी बुडालं की पोलीस ज्याला बोलावून आणतात तो माणूस. मी लग्न होऊन या गावात आले, नवरा पाणबुडीवर असतो म्हणाले, आणि बायकांनी आपसात ठरवून टाकलं की हा सरकारी नोकरीत मुडदे काढतो. शेजारच्या बाईंनी हापशीवर मला विचारलंही, "काय वो, तिकडे समुद्रात रोजचे एवढे लोक बुडतेत?" मी हो म्हटलं. रोज कोण समजावत बसणार.

समोर मी त्याला 'तुमी' म्हणते. लिहिताना मात्र 'तो' म्हणणार आहे, कारण या लिहिण्यात मी बऱ्याचदा रागावणार आहे आणि 'तुमी' म्हणून नीट रागावता येत नाही.

माझं माहेर गडचिरोली जिल्ह्यातलं, वैनगंगेच्या पलीकडचं. सासर मोहर्ली. सासू-सासरे थोरल्या दिराकडे घुग्घुसला राहतात; दीर तिथल्या कोळसा खाणीत शिफ्टला जातो. मीही तिकडेच राहावं असं सगळ्यांचं म्हणणं होतं, पण तोवर मला ताडोबाच्या जंगलाच्या गेटवर गाईडचं काम मिळालं होतं आणि ते मला सोडायचं नव्हतं. त्यामुळे मोहर्लीतलं घर माझ्या एकटीचं झालं. दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे शेवग्याचं झाड. नवरा वर्षातून कधीतरी येणार, पाहुण्यासारखा चार दिवस राहणार, आणि बॅग उचलणार.

त्याचं काम नेमकं काय, हे समजायला मला बराच काळ लागला. तो आयटीआयचा फिटर. शिकाऊ असताना ऊर्जानगरच्या वीज केंद्रात टर्बाइनच्या बेरिंगवर हात बसला आणि मग नौदलात गेला. त्याची बोट डिझेलची नाही. ते लोक पाणबुडीला बोटच म्हणतात. ती अणुशक्तीवर चालते. हे त्याने मला एकदाच समजावून सांगितलं.

"ऊर्जानगरात कोळसा जाळून पाण्याची वाफ करतेत का नाई? आमच्या इथी कोळशाच्या जागी अणुभट्टी. बाकी सगळं तेच. वाफ, टर्बाइन, शाफ्ट अन् मागचा पंखा. डिझेलच्या बोटीले हवेसाठी वर यावं लागते. हिले नाई लागत."

"मंग तुमी वर कधी येता?"

"खायचं सरलं की."

काही बोटी क्षेपणास्त्रं पोटात घेऊन कुठेतरी दडून बसतात, त्याची तशी नाही. त्याची दुसऱ्यांच्या बोटींच्या मागावर फिरणारी. हे मला लगेच कळलं. मीही रोज वाघाच्या मागे जिप्सी घेऊन फिरते आणि तो दिसत नाही, ऐकूच येतो. म्हणजे वाघही नाही, त्याला बघून ओरडणारं चितळ ऐकू येतं. नवरा म्हणाला, समुद्रातही तसंच. खाली काहीच दिसत नाही. ज्याचा आवाज आधी आला तो मेला. आणि आवाज येतो कुठून, तर बेरिंगमधून. फिरणारी प्रत्येक वस्तू कशावर तरी टेकून फिरते, ती टेकण्याची जागा झिजली की कुरकुरते. ती कुरकुर पाण्यातून लांबवर जाते. म्हणून बेरिंग बिघडण्याआधीच बदलायची. हे त्याचं काम.

त्या बोटीत सगळे रबरी तळव्याच्या चपला घालतात. हातातून पान्हा पडला तर शिव्या पडतात. बोलायचं ते हळू. आणि हा मनुष्य सुट्टीत घरी येऊन मलाही म्हणायचा, "हळू बोल." मी उसळायची. दिवसभर जंगलात पर्यटकांपुढे कुजबुजायचं आणि घरी येऊन नवऱ्यापुढेही कुजबुजायचं? माझा आवाज मुळात मोठा आहे. माहेरी आमच्या घरात कोणी हळू बोललं तर त्याला बरं नाही असं समजायचे.

तो गेला की फोन बंद. बंद म्हणजे सहा महिने बंद, कधी त्याहून जास्त. कुठल्या समुद्रात आहे ते विचारायचं नाही, विचारलं तरी तो "समुद्रात" एवढंच सांगणार. घरी पत्ता नाही, खबर नाही. उन्हाळ्यात निभायचं, कारण सकाळ-संध्याकाळ सफारी, जीव थकून जायचा. पण पावसाळ्यात जंगलाचं आतलं कोअर बंद होतं. गेटवरची पोरं शेतावर जातात, धानाच्या रोवणीला लागतात. मला शेत नाही. मी घरात बसून दाराबाहेरचा चिखल बघायची. भांडावंसं वाटायचं आणि भांडायला माणूस नसायचं. एकटेपणा म्हणजे काय असतं ते मला रडताना कधी कळलं नाही, भांडावंसं वाटलं तेव्हा कळलं. एकदा तर मी त्याच्या बंद फोनवर फोन लावला आणि जी बाई फोन बंद असल्याचं मराठीतून, हिंदीतून, इंग्रजीतून सांगत होती तिलाच मी मोठ्यानं "माहीत आहे मले" म्हणाले.

तर त्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तो आला. बॅग मोठी होती, हे मी आधी पाहिलं.

"किती दिवस?"

"पार्ट येईस्तोर."

बोट गोदीत लागली होती. मुख्य शाफ्टची एक बेरिंग बदलायची होती, आणि बदलायची ती परदेशातून येणार होती. ती कधी येईल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. ज्यांच्याकडून ती येणार होती त्यांनी आज देतो, उद्या देतो चालवलं होतं. बेरिंग नाही तर बोट नाही, आणि बोट नाही तर बेरिंगवाल्याला काम नाही. वरच्या साहेबांनी त्याला आणि आणखी काहींना साठलेली सुट्टी घेऊन टाका म्हणून सांगितलं होतं.

मी भाजी ढवळत होते. मनात म्हटलं, परदेशातल्या माणसांनो, सावकाश होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी त्याने खरी गोष्ट सांगितली. त्याच्या नोकरीची मुदत संपत आली होती. पुढे वाढवून घ्यायची असेल तर दिवाळीआधी सही द्यावी लागणार होती. नाही दिली तर तो कायमचा घरी. "या वेळेस देईन असं वाटत नाई," तो म्हणाला. "लय झालं." मला भीती होती की मी आनंदानं काही बोलले तर तो मागे सरकेल. हरणाच्या कळपाजवळ जिप्सी थांबवून आम्ही जसे बसतो, श्वास धरून, तशी मी बसून राहिले.

तो पावसाळा माझ्या आयुष्यातला एकच असा आहे की ज्याच्याबद्दल मला तक्रार नाही. त्याला रिकामं बसवत नव्हतं. पहिल्या आठवड्यात त्याने आमचा पंखा खाली काढला आणि बेरिंग बदलून वर चढवला. मग कूलर. मग शेजारचा पाण्याचा पंप. पंपाला लांब पेचकस टेकवायचा, त्याची मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटून ऐकायचं, ही त्याची पद्धत. शेजारच्या बाई हे बघून मला म्हणाल्या, "तुह्या नवऱ्याले डॉक्टरकी बी येते?" गावातली पिठाची चक्की वर्षानुवर्षं खडखडायची, ती त्याने एका दुपारी उघडली आणि बेरिंग बदलून दिली. चक्की अशी चालायला लागली की चक्कीवाला भाऊ बाहेर येऊन बघायचा, चालू आहे की बंद पडली. जुनी बेरिंग नवऱ्याने घरी आणली. "फेकू नको, कामी येईल," म्हणाला. तळहाताएवढी, आत गोळ्या, तेलानं काळी झालेली.

माझ्याशी मात्र तो फार बोलायचा नाही. हे मी आता लिहिते. तेव्हा मी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. माणूस घरात आहे, त्याची चप्पल दाराशी आहे, ताटात दुसरी भाकर आहे, एवढ्यानं माझं पोट भरत होतं. मी बोलायची आणि तो ऐकायचा. कधी ऐकायचाही नाही. शेवग्याखाली खाट टाकून धरणाकडे बघत बसायचा. मी म्हणायची, "काऊन, पाणी आठवून राह्यलं का?" तो म्हणायचा, "नाई वो, असंच." एकदा तो घुग्घुसला गेला. दिरानं तिथल्या एका सिमेंट कारखान्यात त्याच्यासाठी शब्द टाकला होता, मेंटेनन्सला फिटर पाहिजे होता. संध्याकाळी परत आला तो केसांपासून बुटांपर्यंत राखाडी. मी पाणी दिलं. "कसं आहे?" विचारलं. "लय आवाज आहे," एवढंच म्हणाला आणि आंघोळीला गेला. मी म्हटलं, सवय होईल. त्याला ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

रोज सकाळी तो फोन बघायचा आणि मी त्याचं तोंड बघायची. पार्ट आला नाही हे त्याच्या तोंडावरून कळायचं आणि मी चहा ठेवायची. हळूहळू मला त्या बेरिंगची धास्ती बसली. मोठ्या आजाराचं नाव घेत नाहीत तसं मी तिचं नाव घेणं सोडलं. सवत असती तर निदान जाऊन तिच्या झिंज्या तरी धरता आल्या असत्या.

पोळा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी मातामायकडे गेले. आमच्याकडे गावोगाव मातामाय असते, गावाच्या कडेला, झाडाखाली शेंदूर लावलेले दगड. आमची मोहाच्या झाडाखाली आहे. हळद-कुंकू, अगरबत्ती, नारळ घेतला आणि निघता निघता थबकले. देवीला सांगायचं काय? माय, बेरिंग येऊ देऊ नको? मातामायला गोवर ठाऊक, पटकी ठाऊक, ढोरांचे रोग ठाऊक, वाघ तर घरचाच. बेरिंग तिने कुठं बघितली असणार? आणि नीट न सांगता नवस केला आणि देवीनं भलतंच काही अडवलं तर? मी मागे फिरले आणि चक्कीची ती जुनी बेरिंग पदराखाली घेतली.

दगडापुढे ठेवली. तिला हळद लावली, कुंकू लावलं. म्हटलं, "माय, ही बघून घे. असलीच एक वस्तू समुद्रापलीकडून येऊन राह्यली. ती येऊ देऊ नको. आली तर माह्या घरचा माणूस जाते. निदान दिवाळीवरी येऊ देऊ नको, मंग ते सही नाई करत. तुले लुगडं-चोळी करीन, कोंबडं देईन." मी हे सगळं मोठ्यानं म्हटलं. माझ्या आवाजात. मागे गावातली एक आजीबाई सरपणाचा भारा डोक्यावर घेऊन उभी होती, ती माझ्याकडे बघत राहिली. "काय ठेवलं वो पोरी?" "बेरिंग आहे, आजी. माणसाच्या कामाची." तिनं मान हलवली, हात जोडले आणि गेली. पुढच्या मंगळवारी मी गेले तर माझ्या बेरिंगशेजारी कोणीतरी ट्रॅक्टरची एक ठेवून गेलं होतं, हळद-कुंकू लावून. त्यानंतर एक सायकलची आली, शेंगदाण्याएवढी. कोणाच्या घरचं कोण जाणार होतं, देव जाणे.

मला आतून थोडी लाज वाटत होती. मी बारावी शिकलेली, पर्यटकांना झाडांची शास्त्रीय नावं सांगणारी बाई. पण लाजेनं कधी माणूस घरी थांबल्याचं मी पाहिलेलं नाही.

भाद्रपद उतरता उतरता फोन आला. तो अंगणात होता. फोन कानाला लावताना तो वाकलेला होता आणि बोलता बोलता सरळ झाला, हे मी दारातून पाहिलं. "जी सर. जी. कल निकलता हूँ." फोन ठेवून तो आत आला.

"पार्ट आला," म्हणाला.

मी तांदूळ निवडत होते. सूप खाली ठेवलं आणि मग माझ्या तोंडून सगळं निघालं. नवस, हळद-कुंकू, कोंबडं, सगळं. "मी मातामायले दाखवून ठेवलं होतं! तरी कशी आली?"

"काय दाखवलं?"

"बेरिंग. चक्कीवाली."

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो खाली बसला. हसायला लागला. हसता हसता भिंतीला टेकला. इतक्या मोठ्यानं हसताना मी त्याला लग्नातही पाहिलं नव्हतं. डोळे पुसत म्हणाला, "अवं, देवीले तू चुकीचा पार्ट दाखवला."

"म्हणजे?"

"ती गोळ्याची बेरिंग. शाफ्टची बेरिंग तशी नसते. तिच्यात गोळ्या नसतेत. गोळ्या आवाज करतेत."

कुंपणासाठी बांबू आणून ठेवले होते. त्याने एका बांबूचा टीचभर तुकडा कापला, उभा चिरला आणि दोन अर्धे समोर धरले. आतून त्यांना तेलाचं बोट फिरवलं. मग माझं लाटणं घेतलं, खालच्या अर्ध्यात ठेवलं, वरून दुसरा अर्धा झाकला. "अशी असते. दोन तुकडे. आतून एका नरम धातूचा थर. नवीन आली तरी तशीच नाई बसत. शाफ्टले निळा रंग लावायचा, फिरवायचा, जिथी रंग उठला तिथी हातानं खरडायचं. पुन्हा निळा, पुन्हा खरडायचं. मशीननं नाई होत, हातानंच करा लागते." तो लाटणं फिरवत होता. त्याचा आवाज बदलला होता. "अन् मजा काय आहे माहीत आहे का? शाफ्ट फिरायला लागला का तो बेरिंगले टेकतच नाई. मधी तेलाची पातळ साय असते, तिच्यावर तरंगते. एवढा हजारो किलोचा शाफ्ट. टेकला का संपलं."

"म्हणजे जन्मभर जवळ राहायचं अन् टेकायचं नाई," मी म्हटलं. "आपल्यासारखं."

त्याने लाटणं खाली ठेवलं. मला वाटलं तो चिडेल. तो चिडला नाही. तो बांबूचे दोन्ही तुकडे हातात घेऊन बसून राहिला. मला वाईट वाटलं, पण माझं चुकलं नव्हतं, म्हणून मी शब्द मागे घेतले नाहीत.

मग तो म्हणाला, "मी ही बसवून येतो. ट्रायल झाली का येतो. सही नाई करत."

"तुमाले जे करायचं ते करा," मी म्हटलं.

आता इथे मला माझ्याबद्दल एक सांगणं भाग आहे. माझ्या माहेरच्या बायकांची ही रीतच आहे. पाहुण्याला राहायचा आग्रह करायचा असला की आम्ही म्हणतो, "जा बाप्पा, तुमाले कोठी आमच्या घरी करमते." मग पाहुण्यानं म्हणायचं असतं, "नाई वो, राहतो." बाप गावाला निघाला की आई म्हणायची, "जा, जा, आमचं काय." आणि बाप पिशवी खाली ठेवायचा. पिशवी ठेवायची असते हे आमच्याकडे लहान लेकरालाही कळतं. नवऱ्यालाही कळत असेल असं मी धरून चालले होते. चंद्रपूरच्या स्टेशनवर गाडी लागली तेव्हाही मी म्हटलं, "बसा लवकर, जागा जाईल." तो लगेच जाऊन बसला.

गेल्यावर तो रोज फोन करायचा, कारण बोट अजून गोदीतच होती. घरी असताना बोलला नव्हता त्याहून जास्त तो त्या दिवसांत बोलला. थर कसा निघाला. निळा कुठे उठला. आज एवढंसं खरडलं, केसाएवढं. बरोबरचे कोण काय म्हणाले. मी हं, हं करत ऐकायची आणि अंगणातली खाट उचलून आत टाकायची, परत बाहेर टाकायची. मला त्यातलं अर्धंच कळत होतं. पण त्याचा आवाज कळत होता. आवाज ओळखणं हेच माझंही काम आहे. चितळ उगाच ओरडलं आणि खरोखर ओरडलं, यातला फरक मला झोपेत सांगता येतो. हा माणूस तिकडे खूश होता. मला ते नको होतं आणि ते मला ऐकू येत होतं.

कोअर उघडलं. पहिल्या दिवसापासून गेटवर जिप्सींची रांग, फुलं, नारळ, फोटो. मला बरं वाटत होतं. काम सुरू झालं होतं आणि दिवाळीला तो येणार होता.

मग एका सकाळी, जिप्सी रांगेत लागलेली, माझ्या गाडीत पुण्याकडचं एक कुटुंब बसलेलं, तेव्हा त्याचा फोन आला. कोअरमध्ये फोन नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. मी जमा करायलाच चालले होते.

"ट्रायल झाली," तो म्हणाला. "हात ठेवला तरी समजत नाई, फिरून राह्यला का थांबला. काहीच आवाज नाई. साहेबानं कान लावून पाहिलं. काहीच नाई." तो हसत होता. मग थांबला. "आयक ना. इथी सगळे म्हणून राह्यले, सही कर म्हणून. हा शाफ्ट तूच सांभाळ म्हणतेत. आजच सांगा लागते. मी काय करू? तू म्हणशील तसं."

माझ्या पुढची जिप्सी आत गेली. गेटवरचा पोरगा हात करत होता, "बाई, फोन."

मला म्हणायचं होतं, या. एवढंच. परत या, पंखा बिघडू दे, चक्की बिघडू दे, सिमेंटात नोकरी नको तर नको, मी कमावते, तुम्ही शेवग्याखाली बसा, बोलू नका, पण या. एकटं राहून राहून माझ्या घरात माझाच आवाज मला परका वाटायला लागला आहे. हे सगळं तोंडाशी आलं होतं. आणि मी म्हटलं, "करा सही. माह्यं काय. मी आहेच इथी."

आता तो म्हणेल, असं मला वाटलं. आता म्हणेल, नाई वो, येतो.

"नक्की?" तो म्हणाला.

"नक्की," मी म्हटलं. काय करू, माझ्या तोंडाला तेवढंच येतं.

फोन जमा केला, पावती घेतली, जिप्सीत चढले. पुण्याच्या बाईंना सांगितलं, मोठ्यानं बोलू नका, हात बाहेर काढू नका. आत गेल्यावर ड्रायव्हरने एका वळणावर गाडी थांबवली आणि इंजिन बंद केलं. आम्ही ऐकायला थांबतो तसे थांबलो. मी कान दिला आणि मला काहीही ऐकू आलं नाही. वानर ओरडलं म्हणे. ड्रायव्हरने नंतर सांगितलं की चितळही ओरडत होतं, बराच वेळ, अगदी जवळ. मागच्या सीटवरची लहान मुलगी माझी बाही ओढून कुजबुजली, "गाईड मावशी, वाघ." तो आमच्या मागून रस्ता ओलांडत होता. इतकी वर्षं मी माणसांना वाघ दाखवते; त्या दिवशी मला दाखवावा लागला. सगळ्यांनी तो डोळे भरून पाहिला. माझेही डोळे भरलेले होते, पण त्यात वाघ नव्हता.

बाहेर आले. फोन परत घेतला. त्याचा संदेश येऊन पडला होता.

"केली सही. मले वाटलं होतं तू रडशील, नाई म्हणशील. तू हो म्हटलं म्हणून हिंमत झाली. तुह्यासारखी बायको नाई भेटत कोणाले. आज बोट घेऊन निघून राह्यलो."

मी तिथेच, तिकीट खिडकीजवळच्या बाकावर बसले. फोन लावला. ती बाई तिन्ही भाषांत बोलली. मी पुन्हा लावला, ती पुन्हा बोलली. मग मी लिहिलं, "मी हो नव्हतं म्हटलं." पाठवलं. एकच खूण उमटली, म्हणजे इथून गेला, तिकडे पोचला नाही. दुपारच्या फेरीला माझा नंबर होता, म्हणून मी तोंड धुऊन रांगेत जाऊन उभी राहिले. ती खूण अजून एकच आहे.